आमच्या घराचा हात

माझा मुलगा नेरेओ सतरा वर्षांनी उत्तरेतून घरी आला तो गुरुवारी, आणि रविवारी गावाची सभा होती. थोडी अक्कल असती तर सोमवारी आला असता.

पण त्याला कुठलं आठवायला. लॉस एंजेलिसच्या हॉटेलात आधी भांडी घासून आणि मग कांदे चिरून त्याची जवानी गेली, तिच्याबरोबर गावच्या रीतीभातीही डोक्यातून गेल्या. दोन सुटकेसा, दारातून आत जाईना एवढा टीव्ही आणि डोक्यावर पांढरीशुभ्र हॅट घेऊन तो बसमधून उतरला. केस पार विरळ झालेले. मी त्याला पोटाशी धरलं आणि असा गळा काढला की अर्धी गल्ली धावत आली. त्यांना वाटलं मी मेले.

सून माझी सेनाइदा, ती आमच्या मक्याच्या गिरणीवर होती. हाताचं पीठ झटकत आली, दारात उभी राहिली, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जेवलास का?" म्हणाली.

"बसमध्ये काहीतरी खाल्लं," तो म्हणाला.

तिने चुलीवर तवा टाकला. सतरा वर्षांनी नवरा-बायकोत एवढं बोलणं झालं. त्यात मी कुणाची बाजू घेणार? तो पोटचा गोळा, आणि ती मला रोज सकाळी ब्लडप्रेशरची गोळी हातावर ठेवणारी. पहिली चार वर्षं त्याचे पैसे आले, मग कधीमधी आले, मग नुसता नाताळचा फोन यायला लागला. मी त्याच्यावर चिडले नव्हते असं नाही. पण तो समोर दिसला आणि सगळा राग कुठल्या कुठे गेला, आईचं काय सांगावं.

आता रविवारचं कळायचं तर आमच्या या डोंगरातल्या गावाची, यागवीची रीत माहीत पाहिजे. आमच्याकडे गावाच्या निवडणुकीत पक्ष नाही आणि मतपेटीही नाही. दर तीन वर्षांनी बास्केटबॉलच्या मैदानावर पत्र्याखाली सभा भरते, फळ्यावर तीन नावं लिहितात आणि हात वर करून अध्यक्ष निवडतात; निवडलेली माणसं एक जानेवारीपासून कामाला लागतात. घराला हात एकच. घरात कर्ता पुरुष असेल तर हात त्याचा, नसेल तर बाईचा. नेरेओ नव्हता, म्हणून सतरा वर्षं आमच्या घराचा हात सेनाइदाचा होता.

आणि तो काही फुकट मिळत नाही. ज्या घराला हात त्या घराने गावाची सेवा करायची, बिनपगारी, खालच्या पायरीपासून. आधी तोपिल व्हायचं, म्हणजे गावचा शिपाई: हातात काठी, गळ्यात शिट्टी, डोंगरभर निरोप पोचवायचे, दारुडे उचलून घरी टाकायचे. मग शाळेची समिती. मग पाण्याची. मग सिंदिको, म्हणजे शेताच्या बांधावरून लोक एकमेकांच्या उरावर बसले की मध्ये उभं राहायचं. सगळ्या पायऱ्या चढल्याशिवाय अध्यक्ष होता येत नाही. सेनाइदा सगळ्या चढली. तोपिल होती तेव्हा माझी नात, आता शहरात शिकायला आहे ती, तिच्या पाठीला बांधलेली असायची. पण गावाच्या वहीत काय लिहिलंय? 'नेरेओचं घर.' दरवेळी तेच.

अध्यक्ष व्हायला आमच्याकडे कुणी धजत नाही. तीन वर्षं शेतात तण माजतं, बायको करवादते, आणि शेवटी गाव शिव्या घालतं ते वेगळंच. म्हणून फळ्यावर नाव लागलं की माणूस उभा राहून गयावया करतो. कुणाची पाठ धरलेली असते, कुणाची आई मरायला टेकलेली असते. सभा ऐकून घेते, हसते आणि त्यालाच निवडते. आजवर कुणाचीही विनंती मान्य झाल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि मी सत्तर वर्षांची आहे.

जो पद मागतो, त्याच्याकडे मात्र गाव चोर असल्यासारखं पाहतं. आमदारकी-खासदारकीच्या वेळी शहरातून पक्षवाले येतात, टोप्या वाटतात, हात जोडून म्हणतात, आम्हाला निवडून द्या. आमचे लोक टोप्या घेतात आणि पाठ वळली की म्हणतात, बघ कसा मागतोय, भूक लागलीय त्याला.

तर रविवारी सातला भोंगा वाजला. नेरेओने हॅट घातली. सेनाइदानेही नेहमीसारखी काळी शाल घेतली आणि निघाली. वाटेत तो एका बाजूला, ती दुसऱ्या. मी मध्ये, काठी टेकत.

मैदानावर तिची खुर्ची ठरलेली होती, तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ. ती बसणार तेवढ्यात नेरेओ बसला.

"ही आपल्या घराची ना?" त्याने विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं हो, खरंच नव्हतं. त्याचा बाप तिथेच बसायचा.

ती उभीच राहिली. मग हजेरी सुरू झाली.

"नेरेओचं घर."

"हजर," सेनाइदा म्हणाली.

"हजर," नेरेओही म्हणाला.

मैदानभर हशा पिकला. सभेचं काम चालवायला कास्तुलो गुरुजी होते. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेत, आणि अजूनही ते सगळ्यांशी तसंच बोलतात. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"एक घर, एक हजर," ते म्हणाले. "कर्ता आलाय ना? मग सेनाइदाबाई, तुम्ही मागे बसा."

मागे म्हणजे बाकांवर, आम्ही म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बसतो तिथे. आम्हाला बोलता येतं, हात वर करता येत नाही. सेनाइदा आली आणि माझ्या शेजारी बसली. तिचे कान लालबुंद झाले होते.

"आई," ती हळूच म्हणाली, "माझा हात गेला."

रीत आहे, म्हटलं. आणि म्हटल्याबरोबर माझी मलाच लाज वाटली, कारण शेजारी बसलेली ही बाई सतरा वर्षं आमचं घर गावात उभं ठेवून होती आणि तिला उठवायला गुरुजींना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

शहरातल्या निवडणूक कार्यालयातून कागद आला होता, तो गुरुजींनी वाचून दाखवला. बायकांना पदं द्या, नाहीतर निवडणूक मान्य होणार नाही. पुरुषांनी माना डोलावल्या. गेल्या खेपेलाही हाच कागद आला होता, तेव्हा त्यांनी दोन बायकांना शाळेच्या स्वयंपाकावर नेमलं आणि सुटले.

"पहिलं नाव," गुरुजी म्हणाले.

पहिलं नाव आलं फिदेन्सियोचं, आमच्या पाववाल्याचं. तो उठला आणि त्याने बायकोच्या पोटातल्या खड्यांचं असं काही वर्णन केलं की पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं, खडे तिच्या पोटात आहेत की तुझ्या?

"सभा विनंती ऐकते, मान्य करत नाही," गुरुजी म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नाव फळ्यावर गेलं.

दुसरं नाव सुचवायला आबुंदियो उठला. आबुंदियो खाटीक आहे. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं, आणि पाण्याच्या समितीत असताना सेनाइदाने त्याचा चोरून जोडलेला पाइप कापला होता तेव्हापासून आमच्या घरावर डूख धरून आहे.

"आपला एक भाऊ सतरा वर्षं उत्तरेत आराम करून आलाय," तो म्हणाला. "चांगला ताजातवाना दिसतो. हॅट बघा. आणि त्याच्या घराची सेवाही पूर्ण आहे. तोपिल झालं, शाळा झाली, पाणी झालं, सिंदिको झालं. एक पायरी राहिलेली नाही. मी नेरेओचं नाव घेतो."

टाळ्या पडल्या. नेरेओ मागे वळून सगळ्यांकडे बघत हसत होता, त्याला वाटलं हे स्वागत चाललंय. मग खडूने फळ्यावर 'ने' लिहिलेलं दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला.

इकडे सेनाइदाने माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळी वळ उठले.

"बघा आता," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "अध्यक्षाची काठी हा धरणार आणि काम मी करणार. अजून तीन वर्षं. ह्याला पाण्याची टाकी कुठे आहे ते तरी माहितीये का?"

नेरेओ उठला, त्याने हॅट काढली. घामाने कपाळ चमकत होतं.

"भावांनो, मला सोडा," तो म्हणाला. "मला यातलं काही येत नाही. मी तोपिल एक दिवसही नव्हतो. पाण्याच्या समितीत मी नव्हतो, आपल्याकडे पाणी कुठून येतं तेही मी विसरलोय. सिंदिको म्हणून मी एकही बांध पाहिलेला नाही. देवाशपथ सांगतो, मी काहीसुद्धा केलेलं नाही."

लोक पोट धरून हसायला लागले. इतकी सुरेख गयावया कित्येक वर्षांत कुणी केली नव्हती.

"सभा विनंती ऐकते," गुरुजी म्हणाले, "मान्य..."

आणि मी उठले. का उठले ते विचारू नका, गुडघ्यांनी मला विचारलं नाही.

"गुरुजी, थांबा," मी म्हटलं. "बाकीचे खोटं बोलतात. फिदेन्सियोच्या बायकोला मी काल डोक्यावर लाकडं घेऊन टेकडी चढताना पाहिलं, खडेबिडे काही नाहीत. पण माझा मुलगा खरं बोलतोय. त्याने काहीसुद्धा केलेलं नाही. लिहून घ्या."

हशा थांबला. गुरुजींनी खडू खाली ठेवला.

"एपिफानियाबाई, सेवा तर झालेली आहे," ते म्हणाले.

"झालीय ना. मग कुणी केली ते विचारा की सभेला."

तिथून जी पेटली सभा, काय सांगू. आबुंदियो ओरडला, सेवा घराची असते, माणसाची नसते, हे बापजाद्यांपासून चालत आलंय. दुसरा म्हणाला, बरोबर. तिसरा म्हणाला, काय बरोबर, उद्या कुत्रा पाठवशील सेवेला घरातर्फे. मागे आम्ही बायका एकदम बोलायला लागलो आणि गुरुजी टेबलावर डस्टर आपटत राहिले, पांढरी धूळ उडून त्यांच्याच मिशीवर बसली.

सेनाइदा उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण लोक गप्प झाले, कारण सिंदिको असताना ती ज्या आवाजात बांधावर बोलायची तोच तो होता.

"आबुंदियोभाऊ, घराने केलं म्हणता," ती म्हणाली. "म्हणजे आमच्या घराच्या भिंती उठून टाकीवर चढल्या का? वरची पाइपलाइन फुटली तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात दार उभं होतं की खिडकी?"

"अगं पण नाव कुणाचं होतं?" आबुंदियो म्हणाला.

"नाव ह्याचं होतं. पाय माझे होते."

आता खरं सांगायचं तर आबुंदियोचंही अगदीच चुकीचं नव्हतं. त्या एका नियमामुळेच कितीतरी घरांचे हात टिकलेत. अर्धे पुरुष उत्तरेत आहेत, त्यांच्या बायका नाहीतर बाप खपतात म्हणून त्यांची जमीन राहिली आहे. लोक घाबरले होते ते त्यालाच. हिला हो म्हटलं तर उद्या प्रत्येक घरातून एक सेनाइदा उठेल. ते मला त्यांच्या तोंडांवर दिसत होतं, आणि काही जणांच्या बायका मागून त्यांच्याकडे कशा बघत होत्या तेही दिसत होतं.

गुरुजींनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "ज्यांच्या दारात तोपिल म्हणून, पाण्यासाठी किंवा बांधासाठी नेरेओ आला होता, त्यांनी हात वर करा."

एकही हात नाही. नेरेओनेच मान हलवली.

"ज्यांच्या दारात सेनाइदा आली होती, त्यांनी."

आधी चार-पाच. मग पत्र्याखाली कणसं उभी राहावीत तसे सगळे हात वर गेले. आबुंदियोच्या शेजारचा पण वर गेला, आणि आबुंदियो त्याच्याकडे डोळे फाडून बघत बसला.

"तर मग," गुरुजी म्हणाले, "जिने सेवा केली, तिचा हात. नेरेओ, उठ तिथून. सेनाइदाबाई, पुढे या."

नेरेओ निमूट उठला, खुर्ची रुमालाने पुसली आणि बाजूला झाला. त्याला सुटल्यासारखंच वाटत होतं. पण एकदा फळ्यावर चढलेलं नाव आमच्याकडे पुसत नाहीत, तेव्हा ते तसंच राहिलं.

"तिसरं नाव," गुरुजी म्हणाले.

आबुंदियो तावातावाने उठला. "घ्या की मग हिचंच," म्हणाला. "एवढ्या पायऱ्या चढलीय ना? मी सेनाइदाचं नाव घेतो. आता बघू या कशी रडते ते."

लोक हसले आणि वाट बघायला लागले. आता ती उठणार, म्हातारी सासू, आजारी गिरणी, काहीतरी सांगणार.

सेनाइदा उठली. "मी रडत नाही," ती म्हणाली. "मला जमेल हे काम. मला करायचंय."

काय बोलून बसली बाई. मी कपाळाला हात लावला.

सगळं मैदान गार पडलं. इतका वेळ तिच्या बाजूने बोलणारे लोक पायातल्या चपला बघायला लागले. करायचंय? यागवीत हा शब्द त्या पत्र्याखाली कुणी उच्चारला नव्हता. पुढून कुजबुज आली, हौस दिसतेय. दुसरा म्हणाला, पक्षवाल्यांनी फूस लावली असणार. आबुंदियो तर खुर्चीत रेलून बसला, पोटावर हात ठेवून, त्याला आता काही करायची गरजच नव्हती.

आणि तिला कळेना काय झालं ते. ती तशीच उभी, ताठ, इकडेतिकडे बघत. खरं बोलली होती ती. सतरा वर्षं पाण्यात उभी राहिली होती, गावाची एकेक तोटी तिला ठाऊक होती, तिला वाटलं खरं बोललं की झालं. आता हात वर होतील ते फिदेन्सियोला, त्या पाववाल्याला, ज्याला स्वतःच्या भट्टीचा धूर आवरत नाही.

मला डोकं लढवायला वेळ नव्हता. मी काठी टेकत सरळ पुढे गेले, फळ्यापाशी, आणि हात जोडले.

"गुरुजी," मी म्हटलं, "हिला सोडा. हिचं ऐकू नका, हिला कळत नाही. माझ्याकडे बघा. मी म्हातारी बाई. हिला नेलंत तर माझं कोण करणार?"

गुरुजींनी भुवया उंचावल्या.

"गिरणीचं इंजिन हिच्याशिवाय कुणाला सुरू होत नाही. गावाला सकाळी दळण कोण देणार? माझी गोळी कोण देणार? मला रंग कळत नाहीत, मी पांढरी घेते का पिवळी ते हिलाच माहीत. आणि तुम्हाला सांगते, तुमच्याही भल्याचं सांगते, ही बाई फार कडक आहे. पाण्याच्या समितीत होती तेव्हा माझ्या सख्ख्या भावाचा पाइप कापला हिने. माझ्या भावाचा! मी आठ दिवस बोलले नाही हिच्याशी, तरी जोडला नाही. अध्यक्ष झाली तर गावकामाला पहाटे पाचला उभं करील एकेकाला. कुणाची सबब ऐकणार नाही. तुमची पोरं गटारात उतरवील. आबुंदियो, तुला तर आधी."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. लोक परत माझ्याकडे, मग सेनाइदाकडे बघायला लागले, आणि ते बघणं बदललं होतं.

मी थांबायला हवं होतं. नाटक पुरेसं झालं होतं. पण मला थांबता येईना.

"सकाळी ही उठते तेव्हा मी जागी असते," मी म्हटलं. "ही चूल पेटवते त्या आवाजाने मला बरं वाटतं. तीन वर्षं ही त्या कचेरीत बसणार, डोंगरावर जाणार, शहरात जाणार, आणि मी दारात वाट बघत बसणार. वाट बघून मी थकलेय हो. एकाची सतरा वर्षं बघितली. माझ्यात आता नाही तेवढी ताकद. हिला नेऊ नका."

मला रडू फुटलं. खरंखुरं, नाक वाहेपर्यंत. बोलायला लागले ती लबाडी म्हणून, आणि बोलता बोलता लक्षात आलं की यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी सभेकडे जे मागत होते ते सभेने दिलं असतं तर मी घरी जाऊन सुखाने झोपले असते.

गुरुजींनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला. मग घसा खाकरला.

"सभा विनंती ऐकते," ते म्हणाले, "मान्य करत नाही."

आणि हात मोजायला सुरुवात झाली.

फिदेन्सियोला एकसष्ट. त्यातला एक सेनाइदाचा होता, आमच्याकडे नाव लागलेला माणूस स्वतःला मत देत नाही. नेरेओला नऊ, त्याचे जुने पिणारे दोस्त. मग तिसरं नाव. फळ्यावर एकेक रेघ पडत गेली, पाचव्याने आडवी, पुन्हा चार, पुन्हा आडवी. मी नजर वर करेना. मागच्या बायका मोठ्याने मोजत होत्या. सत्तर. नव्वद. शंभरीला त्यांचा आवाज फाटला, आणि एकशे तेराला गुरुजींनी खडू ठेवला.

बँडवाल्यांनी तुताऱ्या फुंकल्या, कानठळ्या बसल्या, फटाके सुटले, फिदेन्सियो आनंदाने बायकोच्या गळ्यात पडला. तो बिचारा त्या दिवशी गावातला सगळ्यात सुखी माणूस होता. आबुंदियो उठून चालता झाला. जाता जाता माझ्यापाशी थांबला.

"मावशी, फसवलंत," म्हणाला.

"तूच नाव घेतलंस रे बाबा," मी म्हटलं.

सेनाइदा माझ्याजवळ आली. तिला समजलं होतं मी काय केलं ते, ती मूर्ख नाही. पण शेवटचं जे मी बोलले तेही तिने ऐकलं होतं.

"आई, खरंच एवढी वाट बघाल?" तिने विचारलं.

"बघीन," मी म्हटलं. "तू संध्याकाळी येशील तर खरी."

खालच्या पदांची नावं अजून व्हायची होती. शेवटी तोपिल आले. सहा पाहिजेत. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं असतात ती, मिसरूड फुटलेली. पाच झाली. मग गुरुजींनी चष्म्यावरून मैदानभर नजर फिरवली आणि ती एका पांढऱ्या हॅटवर थांबली.

"सभेसमोर एका गृहस्थाने देवाशपथ सांगितलंय," ते म्हणाले, "की तो एकही पायरी चढलेला नाही. म्हणजे पहिल्या पायरीपासून सुरुवात आली. सहावा तोपिल म्हणून मी नेरेओचं नाव पुढे करतो."

जे काही हसलेत लोक. पंचेचाळिसाव्या वर्षी तोपिल. काठी, शिट्टी आणि अध्यक्षांच्या पाठीमागे चार पावलं.

नेरेओने कुणाकडे पाहिलं नाही, सरळ माझ्याकडे आला. लहानपणी कपबशी फोडली की यायचा तसाच.

"आई, बोल ना माझ्यासाठी," तो म्हणाला. "आत्ता तिच्यासाठी बोललीस तसं बोल."

रीत विसरला असला तरी त्याला वाटलं असावं, आईने हात जोडले की काहीतरी होतं. आणि मला जोडता आले असते. माझा मुलगा सतरा वर्षांनी घरी आला होता, त्याची पाठ वाकली होती, त्याने वर्षभर माझ्याजवळ नुसतं बसून राहावं असं मला मनापासून वाटत होतं. सभेने ते ऐकलं असतं, मान्य केलं नसतं, त्याला ढकलून पुढे नेलं असतं, आणि तो जन्मभर म्हणाला असता की मला जबरदस्तीने नेलं.

मी उठले.

"गुरुजी, हा माझा मुलगा आहे," मी म्हटलं. "ह्याला सोडा असं मी म्हणणार नाही. ह्याला विचारा. ह्याच्या तोंडून ऐकू दे मला."

कुणीच हसलं नाही. गुरुजी म्हणाले, "नेरेओ, काय म्हणतोस?"

त्याने हॅट काढून हातात धरली. मी त्याचे हात पाहत होते, चाकूंच्या वणांनी भरलेले. मग त्याने सेनाइदाकडे पाहिलं. ती तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसली होती, पाठ सरळ, शाल खांद्यावर.

"किती वाजता यायचं?" त्याने विचारलं.

ते त्याने गुरुजींना विचारलं नव्हतं, सगळ्यांना कळलं.

"एक जानेवारीला, पहाटे पाचला, कचेरीपुढे," ती म्हणाली. "उशीर केलास तर दुसरा बघीन."

एक जानेवारीला साडेचारला मी त्याच्या तोंडावर तांब्याभर गार पाणी ओतलं. शिव्या देत उठला, पण पाच वाजता तिथे उभा होता.